पॉलिसी आहे, सर!

चितळ्यांनी दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवलं आणि महाराष्ट्राला दोन पिढ्या पुरतील एवढे विनोद पुरवले. 2017च्या जुलैत ती विश्रांती संपली. विनोद अजून चालू आहेत.

पण 'एक ते चार बंद' या पाटीनं कधी कुणाला फसवलं का हो? बंद म्हणजे बंद. चारला शटर वर गेलं की आत माणूस उभा असायचा आणि बाकरवडीही असायची. शिव्या घालणारेच पावणेचारला बाहेर हजर!

आता दुकानं चोवीस तास उघडी असतात. आत कोणी नसतं.

आमच्या नव्या मिक्सरचं भांडं सहाव्या दिवशी गळायला लागलं. दोन दिवस फोन लावला. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' एवढंच ऐकू आलं, मागे सतारीसह. आठव्या दिवशी माणसाचा आवाज आला. 'सात दिवसांत कळवायचं असतं, सर. पॉलिसी आहे.'

फोन ठेवला आणि मेसेज आला: आमच्या सेवेला किती तारे द्याल?

ही पॉलिसी करतो कोण? फोनवरच्या पोरीनं नक्कीच केलेली नसते. बोलणी मात्र ती खाते. ज्यानं केली, त्याचा नंबर खोक्यावर छापत नाहीत.

आता गंमत पाहा. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिली नसेल, तर 30 दिवस धरायचे. आमच्या बिलावर मुदत नव्हतीच. ती वेबसाइटवर होती, मुंगीच्या अक्षरात.

हॉटेलवाल्यांचंही तेच. बिलात सेवाशुल्क आपोआप लावू नका, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्ये बजावलं. त्यावर हॉटेलवाले कोर्टात गेले. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली. आग्रहानं वाढणारे आपण पाहिलेत. आग्रहानं बक्षिसी घेणारे हेच.

आणि ती ॲपं? सभासद व्हायला एक क्लिक. बाहेर पडायला? अभिमन्यूला विचारा. ग्राहकाला गंडवण्याचे असले 13 प्रकार सरकारनं 2023 मध्ये नावानिशी जाहीर केले. कंपन्यांनी ती यादी अभ्यासक्रम म्हणून वाचली असावी.

असो. पॉलिसीमुळे कंपनीचं एक भांडं वाचलं. हिशेब चोख!

फक्त एक नोंद राहिली. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 84 कुटुंबं आहेत, आणि भांडं गळतानाचा व्हिडिओ बायकोनं तिथे टाकला आहे. दिवाळी तोंडावर आहे. तळमजल्यावरच्या काकूंनी तर ठरवलेला मिक्सरही बदलला.

मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तोवर चटणी पाट्यावर.