अभिनंदनाचा ठराव

माळढोकाच्या संरक्षणाबद्दल शासनाचे हार्दिक अभिनंदन. १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातली ८,४९६ चौरस किलोमीटर जमीन या पक्ष्यासाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाली. कर्जत, श्रीगोंदे, नेवासे; शेते, वस्त्या, रस्ते, सारे त्यात आले. पुढे हात आखडता घेऊन ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले. पक्षीही समजूतदार, त्यांनी आपली संख्या त्याहून तत्परतेने घटवली.

गवताळ माळाला दप्तरी 'पडीक' म्हणतात आणि पडीक जागी झाडे लावणे पुण्याचे. माळढोकाला मोकळा माळ लागतो, हा त्याचा खासगी प्रश्न. शिवाय पक्षीच नसला की तारांचा धोका नाही, शिकारीची भीती नाही आणि प्रगणनेत बेरजेची चूक नाही. याहून चोख संरक्षण कोणते?

कर्जतजवळच्या रेहेकुरीत मात्र अवघ्या २.१७ चौरस किलोमीटरच्या अभयारण्यात काळवीट कळपाने हिंडतात. हा बेशिस्तपणा थांबवण्यासाठी त्यांनाही आठ हजार चौरस किलोमीटर तातडीने मंजूर करावेत.

ठराव एकमताने संमत. माळढोक गैरहजर.