मुक्काम बनारस

(स्थळ : काशीतला ब्रह्मा घाट. मराठी उपाध्ये मांडीवर जाडजूड वही घेऊन बसले आहेत. समोर कॅनडाहून आलेले यजमान आणि यजमानीणबाई.)

उपाध्ये : मूळ गाव?

यजमान : जालना.

उपाध्ये : आजोबांचं नाव?

यजमान : काशिनाथ.

उपाध्ये : वा! मग ते येऊन गेले असतील. सापडतील वहीत.

यजमानीण : कसले येतात! औरंगाबादच्या पलीकडे गेले नाहीत कधी. काशी नावातच होती, गाडीभाडं वाचलं.

उपाध्ये : बरं, हल्ली मुक्काम?

यजमान : बनारसच्या अगदी जवळ. चालत गेलं तरी चालतं.

उपाध्ये : यजमान, आपण बनारसातच बसलो आहोत. ही समोर गंगा.

यजमान : हे तुमचं बनारस. आमचं टोरांटोशेजारी, मिसिसॉगात. घर आहे हो. हॅरिस नावाच्या कॅप्टनचं, १८५७ सालचं. आता तिथे म्युझियम आहे. नाव मात्र तेच, बेनारेस.

उपाध्ये : १८५७? म्हणजे इकडे बंड पेटलेलं आणि तिकडे हे साहेब आमच्या गावाच्या नावाचं घर बांधत होते! आणि झाशीची राणी जन्माने इथलीच बरं का. तांब्यांची मणिकर्णिका. घाटाचं नाव मुलीला ठेवलेलं.

यजमानीण : खरी गंमत पुढेच आहे, गुरुजी. त्याच भागात माझो द ला रोश नावाची लेखिका राहायची. १९२७ मध्ये तिची कादंबरी आली. दहा हजार डॉलरचं बक्षीस मिळालं. कादंबरीतलं घर या बनारसवरून सुचलं म्हणतात. नाव काय असेल?

उपाध्ये : काशीयात्रा?

यजमानीण : जालना!

उपाध्ये : (वही मिटून) आमचं जालना?

यजमान : तेच. कादंबरीतल्या कॅप्टनची आणि त्याच्या मडमेची गाठ हिंदुस्थानात जालन्याच्या छावणीत पडते, म्हणून कॅनडातल्या घराला ते नाव. एकूण सोळा कादंबऱ्या झाल्या त्या घराण्यावर.

उपाध्ये : म्हणजे तुम्ही व्हिसाच्या रांगेत उभे राहिलात, आणि गाव तुमच्या आधीच जाऊन बसलेलं! आता मी लिहू काय? 'मूळ जालना, मुक्काम बनारस' लिहिलं, तर माझा नातू पुढे तुम्हाला इथल्या गल्ल्यांत शोधत फिरेल.

यजमान : कंसात कॅनडा लिहा.

उपाध्ये : कंस तरी किती घालू? वाईकर येतात, म्हणतात आम्ही दक्षिण काशीचे. पैठणकर म्हणतात, दक्षिण काशी आमचीच. कोल्हापूरकरांशी तर वाद घालायची सोयच नाही. हिमालयात उत्तरकाशी, गुप्तकाशी. तमिळनाडूत तेनकाशी. आणि ते काश्गर आहे ना, चिनी लोक त्यालाही काशीच म्हणतात.

यजमानीण : अगं बाई! तिकीट काढताना जपलं पाहिजे.

उपाध्ये : सरळ नाव एकच. सारस्वतांचा काशी मठ. शिष्य मंगळूर-कोचीनकडचे, पण मूळ मठ इथेच, ब्रह्मा घाटावर. बाकी आमची मंडळी बघा. घाट बांधला पाटणकर दीक्षितांनी, मागे गल्लीत नाना फडणविसांचा वाडा, आंग्र्यांचा वाडा. घाटाला नाव मात्र ब्रह्मदेवाचं!

यजमानीण : आपलं नाव द्यायला विसरले वाटतं.

उपाध्ये : भोसले आणि शिंदे नाही विसरले. त्यांच्या नावाचे घाट थोडं पुढे आहेत, जाऊन पाहा.

यजमान : गुरुजी, दक्षिणा डॉलरमध्ये चालेल?

उपाध्ये : कुठला डॉलर? अमेरिकेचा, कॅनडाचा, ऑस्ट्रेलियाचा, सिंगापूरचा? तिथेही नावांचा हाच घोळ.

यजमान : मग रुपयेच देतो.

उपाध्ये : भारताचे द्या. मागे मॉरिशसचं कुटुंब आलं होतं. तिथेही दक्षिणेकडे उसाच्या मळ्यांत बनारस नावाचं गाव आहे. त्यांनीही मोठ्या श्रद्धेने रुपयेच दिले. मॉरिशसचे.

यजमानीण : मग?

उपाध्ये : मग काय! अजून पेटीत पडलेत. तुम्ही आपले मोबाईलवरून पाठवा. फक्त नाव नीट वाचून पाठवा. याच नावाचे एक उपाध्ये शेजारी दुर्गा घाटावरही बसतात.