जैसे थे

२०२१ च्या एप्रिलात लोक फोनवर एकमेकांना स्कोअर विचारायचे, आणि वानखेडेवर आयपीएल चालू असूनही तो क्रिकेटचा नसायचा. पंचवीसपैकी किती, एवढंच. करोनाने फुप्फुसांचा किती भाग धरलाय ते छातीच्या सीटीवरून सांगणारा तो आकडा. पाच-सहा म्हणजे घरीच राहा, अठरा म्हणजे बेडसाठी फोनाफोनी. ज्यांनी जन्मात कधी छातीचा साधा फोटो काढला नव्हता, अशा असंख्य मंडळींची फुप्फुसं त्या लाटेत पहिल्यांदाच कुणीतरी नीट पाहिली. आणि नीट पाहायचं म्हटलं की जे शोधत होतो त्याच्या जोडीला भलतंच काही दिसतं.

आमच्या डोंबिवलीच्या मामांना पाच मिळाले. इतके कमी मार्क पडल्याचा आनंद त्या घरात पूर्वी कधी झाला नसेल. फक्त रिपोर्टच्या तळाशी, सहीच्या जरा वर, एक ओळ होती: उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात ७ मिमीचा नोड्यूल, पुन्हा तपासणीचा सल्ला. करोना पंधरवड्यात निघून गेला. ओळ राहिली.

मामा कल्याणच्या कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे कागदाच्या तळाशी काय दडलेलं असतं ते त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी लाल पेनाने ओळ अधोरेखित केली आणि मला फोन लावला. मी वैद्यकीय पुस्तकं मराठीत आणण्याचं काम करते, एवढ्या भांडवलावर माहेरच्या सगळ्या रिपोर्टांचा अर्थ मला विचारला जातो. मी सांगितलं, फुप्फुसातल्या ३ सेंटिमीटरपर्यंतच्या गोलसर डागाला नोड्यूल म्हणतात, हा तर मिलिमीटरमधला. मागून मामींचा आवाज आला, "म्हणजे साबुदाण्याएवढा?" साधारण तेवढाच, मी म्हटलं. "भिजवलेला की कोरडा?"

हसू नका. आकार कळल्यावर डॉक्टरही जवळपास हेच विचारतात. डाग घट्ट आहे की धुरकट? धुरकट डागाला ते ग्राउंड ग्लास म्हणतात. तो फार सावकाश हालचाल करतो, म्हणून ६ मिमी किंवा मोठा असेल आणि टिकून राहिला तर पाच वर्षं नजरेखाली ठेवतात. घट्ट डागाचा फैसला सहसा दोन वर्षांत होतो. मामांचा घट्ट होता. मामींना मी "कोरडा" असं कळवलं आणि त्यांचं समाधान झालं.

छातीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, पडद्यावर चित्रं वरखाली केली आणि सांगितलं, "सहा महिन्यांनी पुन्हा सीटी करू."

"आणि तोवर?"

"तोवर काही नाही."

"गोळी?"

"नको."

"पथ्य?"

"सिगारेट ओढता?"

"नाही."

"मग पथ्यही नाही."

आपल्याकडे डॉक्टरांनी काहीच दिलं नाही तर फी अंगाला लागत नाही. सर्दीला इंजेक्शन मागून घेणारी माणसं आपण. इथे तर 'कॅन्सर' हा शब्द घरात कुणी उच्चारला नसला तरी चहाच्या वेळी तो खुर्ची ओढून बसत होता, आणि डॉक्टर म्हणतात, काही नाही! साहजिकच पोकळी नातेवाइकांनी भरली. अडुळसा आला, गवती चहाचा काढा आला. चुलतभावाने ठासून सांगितलं, "सुई घालून तुकडा काढा, एकदाचा सोक्षमोक्ष होऊ दे." बोलणं सोपं आहे. श्वासागणिक हलणाऱ्या फुप्फुसात सात मिलिमीटरवर नेम धरायचा, आणि बदल्यात फुप्फुसाबाहेर हवा कोंडण्याचा धोका पत्करायचा. दुसऱ्या कुणाला पेट स्कॅन हवा होता. एवढ्या लहान डागाला पेट धड दिसत नाही, आणि दिसलाच तरी आपल्या देशात क्षयाची गाठही त्यात तितक्याच झोकात चमकते.

डॉक्टर मनाने सहा महिने म्हणत नव्हते. फेलिक्स फ्लायश्नर हे मूळचे व्हिएन्नाचे, पुढे बॉस्टनला स्थायिक झालेले रेडिओलॉजिस्ट. त्यांच्या नावाने १९६९ साली स्थापन झालेल्या सोसायटीने असे नकळत सापडलेले डाग कसे सांभाळावेत याचे नियम २००५ मध्ये केले आणि २०१७ मध्ये बरेच सैल केले. घट्ट डाग ६ मिमीच्या आत असेल आणि माणूस जोखमीचा नसेल, तर सोडून द्या. तो कॅन्सर निघण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी असते. ६ ते ८ मिमीचा असेल तर सहा ते बारा महिन्यांनी बघा. ८ च्या वर गेला तर तीन महिन्यांनी सीटी, पेट किंवा सुई यांचा विचार करा. मला हे नियम आवडतात. घाबरलेल्या माणसाला काय करू नये हे इतक्या शांतपणे सांगणारे कागद थोडेच असतात.

यामागे चेंडूचं गणित आहे. गोल वस्तूचा व्यास जेमतेम २६ टक्क्यांनी वाढला की तिचं आकारमान दुप्पट होतं, म्हणजे सातचे नऊही नाही झाले तरी आत सगळं दुप्पट. फुप्फुसाच्या कॅन्सरची घट्ट गाठ दुप्पट व्हायला बहुधा शंभर ते चारशे दिवस घेते. महिन्याभरात पाहिलं तर कळणार काहीच नाही, आणि दोन वर्षं जी वाढली नाही ती बहुतेक निरुपद्रवी. शिवाय श्वास थोडा कमीजास्त घेतला की माप हलतं, म्हणून दोन मिलिमीटरच्या आतल्या फरकाला वाढ मानतच नाहीत.

बहुतेक डाग असतात तरी काय? जुन्या क्षयाचे व्रण, कधीकाळच्या संसर्गाची खूण, फुप्फुसातली एखादी लसिकाग्रंथी. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत ५३ हजारांवर धूम्रपान करणारे किंवा सोडलेले लोक होते. कमी मात्रेच्या सीटीमुळे फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. त्याच चाचणीत संशयास्पद ठरलेल्या शंभर निकालांतले सुमारे ९६ कॅन्सरचे नव्हते. मामांनी शहाण्णव ऐकलं नाही, चार ऐकले. माणूस असाच ऐकतो. तरी मामांसारख्यांची मला चिंता वाटत नाही. करोनातून सुटल्याच्या आनंदात रिपोर्ट गादीखाली सारून शेवटची ओळ न वाचणाऱ्यांची वाटते, कारण त्या चारांपैकी एखादा त्यांच्यातच असायचा.

ऑक्टोबरात दुसरा सीटी झाला, कमी मात्रेचा. डाग सात मिमीच. "जैसे थे," मामा म्हणाले. हा हुकूम त्यांनी हयातभर टाइप केला होता. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली, वर्षभरानंतरची. मामांनी ती वळणदार अक्षरात लिहून घेतली. तारीख या प्रकारावर त्यांचा पहिल्यापासून विश्वास.

ती तारीख आलीच नाही, त्याचं श्रेय मामींच्या दिवाळीच्या साफसफाईला. माळ्यावरच्या पिशवीत एक सीडी निघाली: पोटाचा सीटी, २०१८, मुतखडा. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, छातीचा जुना सीटी आहे का? मामांनी कोर्टाला शोभेलसं नेमकं उत्तर दिलं होतं, छातीचा नाही. पण फुप्फुसाची खालची टोकं पाठीमागून यकृताच्या माथ्याच्याही खाली उतरलेली असतात, त्यामुळे पोटाच्या सीटीत पहिल्या काही चित्रांमध्ये ती आपोआप येतात. सीडी चालवायला यंत्र मिळेना, आजकालच्या लॅपटॉपला ती खाचच नसते. शेवटी सीटी सेंटरवरच्या जुन्या संगणकाने ती गिळली. रेडिओलॉजिस्टने मूत्रपिंडांच्या वर, वर, आणखी वर नेलं. तिथे होता. सात मिलिमीटर, तीन वर्षांपूर्वीचा. खडे शोधणाऱ्याने तेव्हा त्याच्याकडे पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं असतं तर मामांची काळजी तीन वर्षं आधी सुरू झाली असती, एवढंच.

"निकाली," डॉक्टर म्हणाले. "आता यासाठी यायचं नाही."

घरी येऊन मामांनी ऑक्टोबरचा रिपोर्ट शेवटचा म्हणून पुन्हा वाचला. छातीच्या सीटीतही तळाशी पोटाचा थोडा भाग येतो, हे त्यांच्या आता ध्यानात आलं होतं. सहीच्या जरा वर लिहिलं होतं: उजव्या मूत्रपिंडात साधी सिस्ट, १२ मिमी. मी शपथेवर सांगितलं की ही निरुपद्रवी असते, तिला फॉलोअपही लागत नाही. मामा "बरं" म्हणाले आणि मामींकडे नवी फाईल मागितली.