खिडकी पडली, दप्तर शाबूत

‘सर्व्हर डाऊन आहे.’ सातबाऱ्यासाठी, दाखल्यासाठी तालुक्याला गेलेल्या माणसाने हे ऐकलं नाही असं महाराष्ट्रात होत नाही. पाली तर सुधागड तालुक्याचं ठाणं. परळी-जांभूळपाड्याचा माणूस एसटीचं भाडं मोडून इथे येतो. वीज गेली, नेट गेलं, प्रोग्रॅम बंद पडला, उत्तर एकच. मला या उत्तराचा राग आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. जमिनीची नोंद डेटाबेसात असेल, तर बिघाड नेमका कुठे झाला हे सांगायलाच हवं.

बिघाड न शोधता सर्व्हरवर खापर फोडण्याची सवय संगणकवाल्यांनाही आहे. पोस्टग्रेसक्यूएल हा जगभर वापरला जाणारा मोफत डेटाबेस. त्याला टर्मिनलवरून आज्ञा देण्याचं साधन पीएसक्यूएल. ते ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ म्हणत कोसळलं की काही जण थेट सर्व्हरच रीस्टार्ट करतात. कशासाठी? पीएसक्यूएल ही खिडकी; दप्तर आतल्या खोलीत. दोन्ही प्रोग्रॅम वेगळे. खिडकी पडली की जोडणी तुटते, कमिट, म्हणजे पक्का, न झालेला व्यवहार सर्व्हर स्वतः मागे घेतो, कमिट झालेला जागेवर राहतो. रीस्टार्टने मात्र बाकीच्यांचं चालू काम बुडतं.

त्याऐवजी पीएसक्यूएल ‘वजा मोठा एक्स’ देऊन उघडा. तुमची सेटिंगची फाइल वगळली जाते. मग ‘वजा छोटा एन’. ओळी संपादित करणारी रीडलाइन लायब्ररी बाजूला पडते. तेवढ्याने कोसळणं थांबलं तर डेटाबेसवर संशय कशाला? नाही थांबलं, तर कोअर फाइल (कोसळतानाच्या मेमरीची प्रत) तयार होऊ द्या, ती जीडीबी या डीबगरमध्ये उघडा, बॅकट्रेस (फंक्शनच्या हाकांची यादी) घ्या. कोणत्या फंक्शनमध्ये प्रोग्रॅम मेला ते तिथे दिसतं. लगेच पुसून नव्याने इन्स्टॉल करणारा हा पुरावाच घालवतो.

एसक्यूलाइट हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांनी जास्त जपावं. तिथे साधन आणि डेटाबेस एकाच प्रोग्रॅममध्ये असतात. कोसळल्यावर डेटाबेसच्या फाइलशेजारी ‘जर्नल’ किंवा ‘वॉल’ फाइल उरलेली दिसते. कचरा समजून ती उडवलीत, तर नोंदी खरोखर जाऊ शकतात. हात न लावता डेटाबेस पुन्हा उघडा. त्या फाइलच्या आधारे तो स्वतः सावरतो.

पालीत संगणक शिकणाऱ्या मुलांना कोसळलेला प्रोग्रॅम तपासण्याचाही तास हवा. आणि खिडकीपाशी उभं राहणाऱ्याने विचारावं: वीज, नेट, प्रोग्रॅम की डेटाबेस? चारही दुरुस्त करणारी माणसं वेगळी असतात, लागणारा वेळही वेगळा.