खड्ड्याआधी अळी

2017 च्या पावसाळ्यात रेडिओवरच्या मलिष्काने 'सोनू' या गाजलेल्या गाण्याच्या चालीवर मुंबईच्या खड्ड्यांचं गाणं केलं. रस्त्यातले खड्डे सहसा न दिसणाऱ्या महापालिकेला तिच्या घरातली डासाची अळी मात्र लगेच दिसली, नोटीसही निघाली. नेमकं तिचंच घर कसं, असं विचारू नये. पावसाळ्यात अळ्या शोधणं हे पालिकेचं नेहमीचंच काम, योगायोगाला कोण काय करणार? युवासेनेच्या नगरसेवकांनी तर 500 कोटींच्या अब्रुनुकसानीचा दावा लावा म्हटलं. पालिकेच्या अब्रूची एवढी घसघशीत किंमत तिच्या शत्रूंनीही कधी केली नसेल. शिवाय तेव्हा पालिकेत सत्तेवर असलेल्या शिवसेनेकडून त्याच चालीत प्रतिगाणं आलं. गाणं झटपट बसलं. डांबराचं काय ते पुढच्या निविदेत.