वसईच्या तहाचे वारसदार
एका व्यवस्थापकीय संचालकांस अनावृत पत्र

श्रीमान व्यवस्थापकीय संचालकसाहेब (मग ते कोणत्याही कंपनीचे असोत) यांचे सेवेशी,

मुक्काम गिरीज, तालुका वसई, येथून एका अल्पभागधारकाचा सा. न. वि. वि.

आपली कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन करण्याची योजना मंजुरीसाठी आमच्याकडे आली. तिच्या शेकडो पानांत ‘भागधारकांचे दीर्घकालीन हित’ पावलोपावली भेटले, परंतु आपले पुढील पाच वर्षांचे पद आणि वेतन एका पोटकलमात अंग चोरून बसलेले दिसले. आपला हा संकोच दूर व्हावा, एवढ्याच हेतूने हा पत्रप्रपंच.

संकोच कशासाठी? आपल्या संप्रदायाचा आद्य पुरुष आमच्याच वसईत सही करून गेला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरच्या लढाईत पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा धुव्वा उडविल्यावर, पुणे सोडून कोकणात उतरलेल्या आणि इंग्रजांच्या जहाजाने वसईस पोहोचलेल्या दुसऱ्या बाजीरावसाहेबांनी त्याच वर्षी ३१ डिसेंबरला जो तहनामा केला, तो विलीनीकरणाचा आदर्श मसुदा म्हणून आपल्या कचेरीत चौकटीत लावावा इतका निर्दोष आहे. समोरचा पक्ष अक्षरशः कंपनी, इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी! तिची निदान सहा हजारांची तैनाती फौज पदरी बाळगावयाची, त्या खर्चापोटी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यावयाचा, सुरतेवरचा हक्क सोडावयाचा, तिच्या सल्ल्यावाचून परदरबारी बोलणे लावावयाचे नाही; आणि मोबदला काय, तर बाजीरावसाहेबांस पुण्याची मसनद परत. शिंदे, होळकर, भोसले हे दौलतीचे बडे भागीदार. त्यांची सभा बोलाविण्याची दगदग साहेबांनी घेतली नाही. १३ मे १८०३ रोजी ते गादीवर बसले, आणि त्याच वर्षी शिंदे-भोसल्यांना रणांगणावर या सहीची किंमत मोजावी लागली.

पुढे १८१८ च्या जूनमध्ये कंपनीचा अधिकारी माल्कम याच्या स्वाधीन होताना साहेबांनी सालीना आठ लाखांचा तनखा पदरात पाडून घेतला. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला रकमेचा आकडा फार वाटला, तरी बिठूरास ती १८५१ पर्यंत, म्हणजे साहेबांच्या मृत्यूपर्यंत, पोहोचत राहिली. दौलत बुडाली, निरोपाची रक्कम तरली. आमच्या भागात केळीची वाडी विकताना राखणदाराने आधी आपल्या खोपीची आणि पगाराची अट घातली, तर मालक त्यास घालवून देईल. आपल्या क्षेत्रात त्यास दूरदृष्टी म्हणतात.

घेणाऱ्या पक्षातही आपले गुरुबंधू आहेतच. वसईच्या तहावेळचा गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली मुलूख जोडीत गेला तसतसा कंपनीच्या कर्जाचा डोंगर वाढत गेला, लंडनच्या संचालकांस तो खर्च सोसेना, आणि १८०५ मध्ये त्यास माघारी जावे लागले. विस्ताराने कंपनीचा नफा वाढतो किंवा नाही, हा वादाचा विषय असेल. विस्तार करणाऱ्याचा लवाजमा वाढतो, यात वाद नाही. म्हणूनच ज्याचे वेतन कंपनीच्या आकारमानाबरोबर फुगते, त्यास शेजारची प्रत्येक कंपनी उपवर दिसू लागते.

ही विद्या लुप्त झाली, असे कोणी म्हणू नये. सप्टेंबर २०२१ मध्ये इन्व्हेस्को या बड्या भागधारकाने झी एंटरटेनमेंटचे व्यवस्थापकीय संचालक पुनीत गोएंका यांना संचालक मंडळावरून दूर करण्यासाठी विशेष सभेची मागणी केली. त्याच महिन्यात सोनीशी विलीनीकरणाची बोलणी जाहीर झाली, आणि नव्या कंपनीचे व्यवस्थापकीय संचालकपद पाच वर्षे गोएंका यांच्याकडेच राहील असे ठरले. प्रवर्तकांना स्पर्धा न करण्याचा मोबदला निराळा. ऑक्टोबर २०२२ मध्ये भागधारकांनी ९९ टक्क्यांहून अधिक मतांनी संमती दिली, पुढील ऑगस्टात कंपनी कायदा न्यायाधिकरणानेही दिली. परंतु धुरा कोणी वाहावी, यावर उभयतांचे जुळेना. गोएंका पायउतार होण्यास राजी होते, हे झीचे म्हणणे. शर्ती पुऱ्या झाल्या नाहीत, हे सोनीचे. २२ जानेवारी २०२४ रोजी सोनीने करार मोडला आणि दुसऱ्या दिवशी झीच्या समभागाचा भाव ३० टक्क्यांहून अधिक कोसळला. कोणाच्या अंतःकरणात शिरून हेतू मोजता येत नाही. परंतु खुर्चीचा प्रश्न जसा आरंभी होता तसाच तो अखेरीसही होता, आणि घसरणीचा हिशेब मात्र खुर्ची नसलेल्यांच्या खातीही पडला.

सबब विनंती अशी, की यापुढील योजनेत अनुक्रम उलटा करावा. आपले पद, वेतन, समभागांचे विकल्प आणि निरोपाची रक्कम ही कलमे पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापावीत, आणि आमचे दीर्घकालीन हित सवडीने परिशिष्टात घालावे. म्हणजे योजना कोणासाठी आहे हे वाचणाऱ्यास पहिल्याच पानावर उमगेल, आणि आमच्या हितावर खर्ची पडणारा कागदही वाचेल.

एका बाबतीत मात्र आद्य पुरुषाचे अनुकरण करू नये. त्यांच्या पश्चात दत्तकपुत्र नानासाहेबांनी तनखा मागितला, तेव्हा कंपनीने तो साफ नाकारला. आपल्या वकिलांकडून वारसांचे कलम तेवढे पक्के करून घ्यावे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
एक अल्पभागधारक, गिरीज