हिमऋतूची सबब

विलासाची वस्तू आपण विलासाकरिताच घेत आहो, असे चारचौघांत सांगण्याचे धैर्य आपल्याकडील संस्थानिकांपाशी होते. त्यांची संस्थाने विलीन झाली आणि त्यांच्या हौशी पगारदार मध्यमवर्गाने वारसाहक्काने उचलल्या. धैर्य तेवढे त्या वारशात आले नाही. परिणामी, या वर्गातील सद्गृहस्थास काही चैन करावयाची झाली की प्रथम तिच्यावर कर्तव्याचा शिक्का मारून घ्यावा लागतो. हिऱ्यांच्या कुड्या घ्यावयाच्या त्या मुलीच्या भवितव्याची तरतूद म्हणून, आणि महाबळेश्वरास बंगला बांधावयाचा तो वडिलांच्या दम्यासाठी. वडील अखेरपर्यंत सदाशिव पेठेतच राहिले, तरी बंगल्याच्या मूळ हेतूस त्याने कोणतीही बाधा येत नाही. परंतु अशा सबबी शोधून काढाव्या लागतात, त्या घरच्यांच्या गळी उतरवाव्या लागतात आणि कालांतराने त्या जुन्याही होतात. कॅनडासारख्या मुलखात जाऊन राहिलेल्या आमच्या बांधवांस मात्र निसर्गाने एक अशी सबब इनाम दिली आहे की, जी दरसाल नोव्हेंबरात आपोआप ताजी होते आणि जिच्या सत्यतेविषयी खिडकीचा पडदा सारला असता कोणाचाही संशय उरत नाही. ती सबब म्हणजे हिवाळा.

टोरांटोच्या पश्चिमेस लागून असलेल्या मिसिसागा नामक नगरात आमचे एक स्नेही दीर्घकाळ वास्तव्य करून आहेत. पन्नाशी उलटलेली, घरावरील कर्ज फिटण्याच्या मार्गास लागलेले, आणि मन कशात तरी गुंतवावे अशी अवस्था. अशा वेळी काही माणसे ज्ञानेश्वरी हाती घेतात, काही नाटकात कामे करू लागतात. आमच्या स्नेह्यांनी मोटारींची माहितीपत्रके वाचावयास घेतली. दोन महिन्यांच्या या स्वाध्यायानंतर त्यांनी वहिनींपुढे जो अर्ज सादर केला, त्याचा मसुदा एखाद्या मुरब्बी कारकुनाच्या तोडीचा होता. मुलाबाळांची सुरक्षितता, चारही चाकांस मिळणारी गती, जमिनीपासूनची उंची, पुढे विकते वेळी येणारी किंमत, अशी कलमे त्यात क्रमाने मांडलेली होती. सहाशेहून अधिक अश्वशक्ती हा तपशील तेवढा शेवटच्या कलमात, बारीक अक्षरांत आणि जणू अनवधानाने आला होता. वहिनींनी अर्ज शांतपणे ऐकून घेतला आणि एवढेच विचारले, “अहो, पण मुले तर शाळेच्या पिवळ्या बसने जातात ना?” या प्रश्नाचे उत्तर अर्जात नव्हते. तथापि ज्या अर्जाचा निकाल अर्जदाराच्या मनात आधीच लागलेला असतो, तो असल्या किरकोळ हरकतींनी फेटाळला जात नाही.

येथे त्या हिवाळ्याचीही कैफियत थोडी ऐकून घेतली पाहिजे, कारण त्याच्या नावावर एवढा खर्च पडावयाचा आहे आणि त्यास कोणी विचारलेले नाही. ओंटारिओ सरोवराच्या सान्निध्यामुळे टोरांटोकडील थंडी विनिपेग किंवा एडमंटन येथील थंडीच्या मानाने बरीच सौम्य असते. बर्फ पडतो, क्वचित गुडघ्याएवढाही पडतो; पण तो पडू लागताच नगरपालिकेचे नांगर आणि मीठ पसरणारे ट्रक रात्रीचा दिवस करून राबू लागतात, आणि हमरस्ते पुष्कळदा सकाळपर्यंत काळे दिसू लागतात. भीती वाटावी ती बर्फाच्या ढिगांची नव्हेच. रस्त्यावर गोठून बसलेल्या आणि डोळ्यांस न दिसणाऱ्या पातळ थराची. त्याला तिकडे ब्लॅक आइस म्हणतात, आणि त्याच्यापुढे गाडीची किंमत, मालकाचा हुद्दा व अश्वशक्ती यांची काहीही प्रतिष्ठा चालत नाही.

आता ज्या जातीच्या वाहनावर आमच्या स्नेह्यांचे चित्त जडले, तिचा पूर्वेतिहास पाहावा. शर्यतीच्या गाड्यांसाठी विख्यात असलेल्या पोर्शे कारखान्याने २००२ साली कायेन नावाची उंच, अवजड, कुटुंबवत्सल गाडी बाजारात आणली, तेव्हा शुद्धिवाद्यांनी हे कुलाचाराचे उल्लंघन म्हणून आक्रोश केला. पण तिने कारखान्याच्या तिजोरीत अशी भर घातली की आक्रोश करणाऱ्यांचा आवाज हळूहळू बसला. मग इतरांसही तो मार्ग सुचला. कायेनच्याच टर्बो जीटी या वंशजाने २०२१ च्या जून महिन्यात जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग या वळणावळणांच्या शर्यतमार्गाची सुमारे एकवीस किलोमीटरांची प्रदक्षिणा सात मिनिटे एकोणचाळीस सेकंदांच्या आत पुरी केली. ही गाडी स्तब्ध अवस्थेतून शंभर किलोमीटरांच्या वेगास ३.३ सेकंदांत पोचते, व तिचा कमाल वेग ताशी ३०० किलोमीटर आहे. इटलीच्या लाम्बोर्गिनी कारखान्याच्या उरुस या गाडीत तर निरनिराळ्या भूमींसाठी निरनिराळ्या व्यवस्था असून, त्यांपैकी बर्फाच्या व्यवस्थेस नेवे असे मंजुळ नाव आहे. हे सर्व आमच्या स्नेह्यांस मुखोद्गत होते. त्यांची कचेरी बावीस किलोमीटरांवर; म्हणजे न्युर्बुर्गरिंगच्या जवळजवळ एका प्रदक्षिणेइतकी. त्या प्रदक्षिणेस सकाळच्या गर्दीत त्यांना पन्नास मिनिटे लागतात. आणि शर्यतमार्गावर वाहने एका पाठोपाठ एक अशी थांबून राहत नसतात, हा बारकावा त्यांच्या गणितात कोठे बसेना.

आमच्या इतिहासातील लष्करी भाषेत सांगावयाचे तर, ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार आणि ज्याचा घोडा सरकारी पागेतला तो बारगीर. आमच्या स्नेह्यांनी सहाशे घोड्यांची पागा एकाच हुकमाने दारात आणली, त्या दिवशी त्यांच्या मुद्रेवर शिलेदाराचे तेज होते. परंतु घोडे बँकेचे, गहाणखतही बँकेच्याच दप्तरात, आणि हप्ते चौऱ्याऐंशी. चौऱ्यांशीचा फेरा म्हणून जो काही आपल्या पूर्वजांनी वर्णिलेला आहे, तो मासिक हप्त्यांचाही असू शकतो, याची त्या वृद्धांस कल्पना नसावी. तो फेरा संपेपर्यंत हे शिलेदार वस्तुतः बारगीरच. फरक इतकाच की, पूर्वी बारगिराच्या घोड्याचा दाणावैरणीचा खर्च सरकार सोशीत असे, आणि येथे उंची प्रतीचे पेट्रोल बारगिरानेच पाजावयाचे.

गाडी आली ती जानेवारीत. आणि तिच्या पायांत होते उन्हाळी टायर!

हा केवळ हास्याचा विषय नव्हे, कारण हिवाळ्यातील वाहनचालनाचे सर्व शास्त्र या एका ठिकाणी येऊन थांबते. शर्यतीच्या कुळातील गाड्यांना जे रुंद, सपाट टायर कारखान्यातून बसवून येतात, त्यांचे रबर उष्णतेत रस्ता घट्ट धरून ठेवण्यासाठी सिद्ध केलेले असते. पारा सात अंशांच्या खाली गेला की ते कडक होऊ लागते, आणि कडाक्याच्या थंडीत तर त्यास तडे जाण्याचीही भीती असते. हिवाळी टायरांचे रबर त्याच थंडीत मऊ राहते व त्यावरील बारीक चिरा बर्फास पकडतात. त्यांच्या अंगावर तीन शिखरांच्या पर्वताचे आणि हिमकणाचे चिन्ह कोरलेले असते. उरली चारही चाकांस गती मिळण्याची गोष्ट. तिचा उपयोग गाडी निघते वेळी आणि चढावर पुष्कळच आहे. पण थांबते वेळी काय? ब्रेक तर सर्वच गाड्यांच्या चारही चाकांस असतात, वहिनींच्या जुन्या कोरोलाच्याही! उलट, सव्वादोन टनांचा देह एकदा घसरू लागला म्हणजे त्यास आवरणे हे हलक्या देहास आवरण्याहून अवघड. चारही चाकांच्या गतीने माणूस निघतो लवकर, व त्यामुळे आपण थांबूही लवकर अशी त्याची समजूत होते. शेजारच्या क्वेबेक प्रांताने हे मर्म ओळखून १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत हिवाळी टायर सक्तीचे केलेले आहेत. अश्वशक्तीविषयी मात्र त्या कायद्यात अवाक्षर नाही. ओंटारिओत सक्ती नाही, पण असे टायर बसवणाऱ्यास विम्याच्या हप्त्यात सूट देण्याचे बंधन विमा कंपन्यांवर २०१६ पासून आहे. म्हणजे हिवाळ्यास नेमके काय लागते, हे सरकारने मोफत सांगून ठेवलेले होते. चार टायर. ते वहिनींच्या गाडीस दर नोव्हेंबरात चढतात व एप्रिलात उतरतात, आणि त्यासाठी घरात आजवर कधी अर्ज झालेला नाही.

वेगाच्या बाबतीत तर कायद्याने मोठीच गंमत करून ठेवली आहे. मिसिसागावरून जाणाऱ्या ४०१ क्रमांकाच्या महामार्गावर सर्वसाधारण मर्यादा ताशी शंभर किलोमीटरांची. ओंटारिओत कोणीही दीडशेचा वेग गाठला की तो नुसता दंडाचा गुन्हा न राहता रस्त्यावरील कसरतीचा गुन्हा ठरतो, आणि पोलीस तेथल्या तेथे गाडी चौदा दिवसांसाठी व परवाना तीस दिवसांसाठी जप्त करतात. ज्या गाडीचा कमाल वेग तीनशे, तिच्या मालकाने तिचे अर्धे सामर्थ्य वापरले की गाडी सरकारजमा. उरलेले अर्धे सामर्थ्य कोठे वापरावे, याविषयी माहितीपत्रक मौन बाळगते.

परंतु आमच्या मते या प्रकरणातील सर्वांत सत्यनिष्ठ दस्तऐवज म्हणजे गाडीचे बिल. कॅनडाच्या केंद्र सरकारने १ सप्टेंबर २०२२ पासून एक लाख डॉलरांवरील मोटारींवर लक्झरी टॅक्स बसवला आहे: संपूर्ण किमतीचा दहावा हिस्सा किंवा लाखावरील रकमेचा पाचवा हिस्सा, यांपैकी जी रक्कम कमी भरेल ती. स्नेह्यांची गाडी दीड लाखाची, म्हणून कर दहा हजारांचा. मग या दहा हजारांसकट एक लाख साठ हजारांवर तेरा टक्क्यांचा विक्रीकर, म्हणजे आणखी वीस हजार आठशे. करावरही कर घेणारे हे सरकार आमच्या जुन्या मामलेदारांस गुरुस्थानी शोभले असते! पण आमचे लक्ष वेधले ते रकमेने नव्हे. घरी वहिनींपुढे जी वस्तू निकडीची गरज म्हणून मंजूर करून घेण्यात आली, तीच विलासाची आहे असा दाखला स्नेह्यांनी सरकारकडून दहा हजार डॉलर मोजून मिळवला, आणि बँकेच्या कागदपत्रांसमवेत घरी आणून कपाटात ठेवला. वहिनींनी तो वाचला. त्या काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर सहा महिन्यांत स्वयंपाकघराची जी नवी बांधणी झाली, तिच्या मंजुरीस अर्जाची गरज लागली नाही.

पुढचा भाग संक्षेपाने सांगतो. हिवाळी टायरांचा व छोट्या चाकांचा स्वतंत्र संच आला. त्याचे काही हजार. रस्त्यावरचे मीठ गाडीच्या तळाशी बसून लोखंड खाते, म्हणून दर आठवड्यास तिला गरम पाण्याचे स्नान. मार्चात बर्फ वितळून पुन्हा गोठू लागला की रस्त्यांना खड्डे पडतात, व उंची चाकांच्या कडा त्यांत वाकतात, म्हणून मार्चातही तिला बाहेर काढणे बरे नव्हे. त्यावर चोरांचे भय. घरातील किल्लीच्या लहरी दाराबाहेरून पकडून गाडी सुरू करण्याची कला त्या प्रांतात इतकी बहरली, आणि मॉन्ट्रिअलच्या बंदरातून पेट्यांत भरून गाड्या परदेशी धाडण्याचा व्यापार इतका तेजीत आला की, ८ फेब्रुवारी २०२४ रोजी ओटावा येथे केंद्र सरकारला केवळ याच विषयावर राष्ट्रीय परिषद भरवावी लागली. त्याच सुमारास टोरांटोतील नागरिकांच्या एका सभेत एका पोलिसाने, चोर घरात शिरून इजा करण्यापेक्षा किल्ल्या दाराशीच ठेवाव्यात, असा सल्ला दिला. त्यावर पोलीस खात्यास खुलासा करावा लागला. आमच्या मते तो अधिकारी व्यवहारज्ञ होता. अतिथीस किल्ली शोधावयास लावणे हे आपल्याही संस्कृतीस मान्य नाही. स्नेह्यांनी मात्र तो सल्ला न मानता किल्लीसाठी लहरी अडवणारी पिशवी घेतली, सुकाणूस दांड्याचे पिवळे कुलूप घातले, आणि गॅरेजच्या दारापुढे ती कोरोला आडवी लावण्याची प्रथा सुरू केली. म्हणजे दीड लाखाच्या गाडीचा पहारा सतरा वर्षांच्या गाडीकडे आला.

फेब्रुवारीत आमचा मुक्काम त्यांच्याकडे असताना खरा हिवाळा एकदाचा आला. रात्रभर बर्फ पडला, पिवळ्या बस बंद राहिल्या, आणि नांगराने रस्ता साफ करताना प्रत्येकाच्या दाराशी हातभर उंचीचा बांध घालून दिला. ज्या दिवसासाठी अर्ज, मंजुरी, कर आणि चौऱ्याऐंशी हप्ते, तो हाच दिवस. स्नेह्यांनी गॅरेजचे दार उघडले, गाडीकडे पाहिले, आकाशाकडे पाहिले, आणि “आज रस्त्यावर मीठ फार असेल,” असे म्हणून ते बंद केले. मग आम्ही दोघांनी फावड्यांनी तो बांध फोडला, वहिनींनी आम्हांस कोरोलातून क्लार्कसन स्थानकावर सोडले, आणि आम्ही टोरांटोच्या युनियन स्थानकाकडे जाणाऱ्या हिरव्या आगगाडीत बसलो.

समोर एक वृद्ध पंजाबी गृहस्थ बसले होते. हवेविषयी चार शब्द झाल्यावर स्नेह्यांनी खिशातून फोन काढला, गाडीची छायाचित्रे एकामागून एक त्यांना दाखवली, आणि अत्यंत गांभीर्याने सांगितले, “हिच्यात बर्फासाठी स्वतंत्र कळ आहे.” वृद्ध गृहस्थांनी चित्रे चष्मा वर करून नीट पाहिली आणि विचारले, “मग तीही या गाडीतच आहे का?”